पवनचक्की येण्याआधी गावाचा नकाशा

पहिली खूण म्हणजे माळावर उभा राहिलेला बारीक लोखंडी मनोरा. चारी बाजूंनी तारांचा ताण दिलेला, उंचच उंच, आणि त्यावर ठरावीक अंतरावर गरगर फिरणाऱ्या छोट्या वाट्या. बहुतेकांना तो मोबाईलचा टॉवर वाटतो आणि कोणी फारसं लक्ष देत नाही. पण तो मनोरा वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजत असतो. निदान वर्षभर तरी मोजतो, कारण बारा महिन्यांचा वारा कागदावर आल्याशिवाय अशा प्रकल्पाला कर्ज मिळणं अवघड असतं. म्हणजे कंपनीचा माणूस तुमच्या ओसरीवर सातबारा मागायला येतो, तोवर त्याने तुमचा माळ वर्षभर न्याहाळलेला असतो. तुम्ही मात्र कंपनीचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकता.

हा लेख त्या एका वर्षासाठी आहे. मनोरा दिसला की गावाने काय करावं, एवढंच त्यात सांगायचं आहे. सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार, अहिल्यानगर, बीड, धाराशिव अशा कितीतरी जिल्ह्यांतल्या माळांवर आज पवनचक्क्या फिरतात. राज्यात त्यांची एकूण क्षमता पाच हजार मेगावॉटच्या आसपास गेली आहे आणि ती वाढणारच आहे. ती वाढावी, असंच मला वाटतं. कोळशाच्या राखेत जगणारी चंद्रपूरकडची गावं ज्याने पाहिली आहेत, त्याला वाऱ्याच्या विजेचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण वीज स्वच्छ आहे म्हणून तिच्यासाठी झालेला व्यवहारही स्वच्छ असेल असं नाही, आणि तो तसा व्हावा यासाठी गावालाच आधी कंबर कसावी लागते.

कुठे चालेल, हे कोण ठरवतं?

अमेरिकेतल्या ग्रामीण भागात पवनचक्की घरापासून किती अंतरावर असावी, कोणत्या पट्ट्यात चालावी, यावर काउंटीच्या सभागृहात रात्र रात्र वाद होतात. जर्मनीतल्या बव्हेरियाने २०१४ साली पवनचक्कीच्या उंचीच्या दहापट अंतर घरापासून हवं असा नियम केला होता आणि पुढे तो सैल केला. नियम बरा की वाईट हे बाजूला ठेवू. मुद्दा असा की तिथे ‘कुठे’ हा प्रश्न आधी आणि चारचौघांत विचारला जातो.

आपल्याकडे हा प्रश्न विचारण्याची ठरलेली जागाच नाही. २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही, त्यामुळे खाणीला किंवा औष्णिक केंद्राला लागते तशी जनसुनावणी इथे होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पवनऊर्जेला ‘पांढऱ्या’ म्हणजे जवळजवळ निरुपद्रवी उद्योगांच्या गटात घातलं आहे. जमीन खाजगी असेल तर शेतकरी आणि कंपनी यांच्यात व्यवहार होतो, ‘महाऊर्जा’ या राज्य सरकारच्या संस्थेकडे नोंदणी होते, महसूल खात्याचे कागद होतात आणि यंत्र उभं राहतं. एकेका गटाचा विचार होतो, अख्ख्या शिवाराचा होत नाही. प्रादेशिक योजनेत तुमचा गट कोणत्या विभागात येतो ते नगररचना कार्यालयाच्या झोन दाखल्यावर कळतं. तो दाखला जरूर काढा. पण तुमच्या ओढ्याचं पाणी कुठून येतं आणि धनगरांचे वाडे पावसाळ्यात कुठे बसतात, हे त्यात नसतं.

अंतराबाबत एक आधार मात्र आहे आणि तो गावाला तोंडपाठ हवा. केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये जमिनीवरच्या पवनऊर्जा प्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की नसावी, असं त्यांत म्हटलं आहे. रस्ते, रेल्वे, इमारती, सार्वजनिक संस्था आणि उच्चदाबाच्या वाहिन्या यांच्यापासूनच्या अंतराचं सूत्रही दिलं आहे: मनोऱ्याची उंची, अधिक पंख्याच्या व्यासाच्या निम्मं, अधिक पाच मीटर. आपल्याकडे आता १४० मीटर उंचीच्या मनोऱ्यावर १२० मीटर व्यासाचा पंखा असलेली यंत्रं उभी राहतात. त्यांच्यासाठी हिशेब होतो १४० अधिक ६० अधिक ५, म्हणजे २०५ मीटर. ही तत्त्वं म्हणजे कायद्याचं कलम नव्हे, म्हणून ती आपोआप पाळली जातील असं समजू नका. पण जिल्हाधिकाऱ्यांपुढे लेखी तक्रार करताना यापेक्षा भक्कम कागद तुमच्याकडे नाही.

शिवार चालून काढा

माझं सगळं सांगणं एका कामावर येऊन थांबतं. कंपनीचा नकाशा गावात येण्याआधी गावाने आपला नकाशा तयार करावा.

भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढा, ती मोठी करून घ्या आणि चार रविवार शिवार चालून या. सोबत एक गुराखी हवा, एक म्हातारी बाई हवी आणि ज्याच्या मोबाईलवर नकाशा आणि अंतर मोजायची सोय आहे असा एक पोरगा हवा. गुराख्याला चराईच्या वाटा ठाऊक असतात आणि म्हातारीला आटलेले झरे. तिघांनाही बोलतं करा आणि सांगितलेलं सगळं नकाशावर घ्या.

सगळ्यात आधी वस्त्या मांडा. इथे मोठी चूक होते. माणदेशात किंवा बालाघाटाच्या डोंगराळ भागात गाव म्हणजे नुसतं गावठाण नसतं, निम्मं गाव मळ्यात आणि वस्त्यांवर राहतं. कंपनीच्या नकाशात मात्र ठळक दिसतं ते गावठाण. गावठाणापासून दोन किलोमीटर म्हणून जी जागा सुरक्षित दाखवली जाते, ती एखाद्या वस्तीच्या गोठ्यापासून तीनशे मीटरवर असू शकते. म्हणून प्रत्येक राहतं घर, मग ते पत्र्याचं का असेना, अंगणवाडी, वस्तीशाळा, देऊळ आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांवर ठिपका द्या. प्रत्येक घराभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढा. वर्तुळं काढून झाल्यावर माळाचा केवढा भाग मोकळा उरतो ते गावाला डोळ्यांनी दिसेल. पुष्कळदा भरपूर उरतो, हेही मुद्दाम सांगतो. वर्तुळ काढणं म्हणजे प्रकल्प हाकलणं नव्हे.

आवाजाबद्दल दोन शब्द. दिवसा माळावर उभं राहून पवनचक्कीचा आवाज ऐकला तर काहीच वाटत नाही. पंखा एका लयीत हवा कापत असतो, झुप्प… झुप्प… आणि वाऱ्याच्या घोंघावण्यात ते मिसळून जातं. खरी परीक्षा रात्री होते. बाकी सगळं शांत झालेलं असतं, वर वारा असतो, खाली अंगणात झाडाचं पानही हलत नसतं, आणि ती लय उशाशी येते. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. म्हणून शेजारच्या एखाद्या गावात पवनचक्क्या असतील तर आपल्या माणसांना तिथे जुलैत एक रात्र मुक्कामाला पाठवा. आपल्याकडे वर्षाच्या विजेचा मोठा भाग पावसाळ्याच्या वाऱ्यावर निघतो, त्यामुळे जानेवारीत पाहून आलेल्या माणसाने निम्मंच पाहिलेलं असतं.

सावलीचंही असंच. सूर्य खाली असताना, सकाळी आणि संध्याकाळी, फिरत्या पात्यांची सावली लांबवर पडते आणि घराच्या भिंतीवर उजेड-अंधार, उजेड-अंधार असं लुकलुकत राहतं. एका वस्तीवरच्या बाईंनी मला त्यांची चूल दाखवली होती. संध्याकाळी पाऊण तास ती सावली थेट चुलीवरून जायची. त्यांनी चूल दुसऱ्या भिंतीला हलवली. त्यांच्या जमिनीत पवनचक्की नव्हती, त्यामुळे त्यांना कोणी काही विचारलेलं नव्हतं, काही दिलेलंही नव्हतं. म्हणून वस्तीच्या पूर्वेला आणि पश्चिमेला असलेली मोकळी जागा नकाशावर वेगळ्या रंगाने रंगवा.

हा शेजाऱ्याचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि त्याला साधं गणित पुरतं. कंपनीने एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जमीन घेतली असं धरा. ती चौकोनी असेल तर एक बाजू शंभर मीटर. मनोरा बरोबर मधोमध उभा केला तर बांध पन्नास मीटरवर येतो. पातं साठ मीटरचं. म्हणजे वारा त्या दिशेचा असला की पात्याचं टोक दहा मीटर शेजाऱ्याच्या शेतावरून जाणार. आपल्याकडे चौकोनी गट असतात कुठे? लांबोळक्या पट्ट्याच जास्त, तिथे हे अंतर आणखी वाढतं. तेव्हा एकट्याने बोलणी करू नका. ज्यांच्या बांधावरून पातं फिरणार, ज्यांच्या शेतातून रस्ता आणि तारा जाणार, त्या सगळ्यांनी एकत्र बसा आणि भाड्यातला काही वाटा शेजाऱ्यांनाही मिळावा अशी मागणी पहिल्याच बैठकीत मांडा. डेन्मार्कमध्ये २००९ पासून काही वर्षं असा कायदा होता की साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना प्रकल्पातले निदान वीस टक्के हिस्से विकत घेण्याची संधी द्यायचीच. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण करारात लिहून घ्यायला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

नकाशावर पाणी, चराई आणि रान यांनाही जागा द्या. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले, आणि त्यामुळे गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणारे सरडे तिथे जास्त झाले. त्या सरड्याच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी दिलेलं नावही आपल्या ‘सरडा’ या शब्दावरूनच घेतलेलं आहे. सांगायचं असं की ओसाड दिसणारा माळ ओसाड नसतो. सोलापूर-धाराशिवकडे तर माळढोकाचाही विचार करायला हवा. त्या जड पक्ष्याला समोरच्या तारा वेळेत दिसत नाहीत आणि त्याच्या जिवाला मोठा धोका तारांचाच आहे.

एका गोष्टीवर मात्र आपली ताकद घालवू नका. पवनचक्क्या ढग पळवतात, पाऊस घालवतात, हे मी गेली कित्येक वर्षं दुष्काळी भागात ऐकत आलो आहे. दोन-तीन वर्षं पाऊस हुकला की माळावर फिरणाऱ्या त्या पंख्यांकडे बोट जाणं माणसाच्या स्वभावाला धरून आहे. पण माण, खटाव, जत, आटपाडी हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे आणि पहिली पवनचक्की येण्याआधी शेकडो वर्षं तो दुष्काळ सोसत आला आहे. आपला पाऊस समुद्रावरून येणाऱ्या बाष्पावर आणि किलोमीटरच्या किलोमीटर उंच ढगांवर चालतो, दोनशे मीटरवर फिरणाऱ्या पात्यांनी तो हटत नाही. निवेदनात हा मुद्दा पहिला घातला की समोरचा अधिकारी बाकीचं निवेदन वाचत नाही. मग ५०० मीटर, सावली, रस्त्याच्या कामात फुटलेला बंधारा, हे तुमचे खरे मुद्दे त्याच्याबरोबर वाहून जातात. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून इतकं लिहिलं.

ठराव कोणाचा?

कंपनीच्या फायलीत ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला बहुतेक वेळा असतोच. तो कोणत्या सभेच्या ठरावावर दिला ते बघा. पुष्कळ ठिकाणी तो मासिक सभेत, म्हणजे सरपंच आणि सदस्य एवढ्यांच्याच बैठकीत मंजूर होतो, आणि गावाला कळतं ते पाती वाहणारे ट्रेलर आल्यावर. ग्रामसभा वेगळी. तिला गावातला प्रत्येक मतदार बसू शकतो. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हवीत, आणि त्याआधी महिलांची सभा व्हायला हवी. महिला सभा नुसती कागदावर उरकू देऊ नका. चुलीवरच्या सावलीची गोष्ट तिथेच निघणार आहे.

चालून तयार केलेला नकाशा ग्रामसभेत ठेवा आणि त्याच्यासह ठराव करा: या रंगाच्या भागात गावाची हरकत नाही, या रंगाच्या भागात आहे, आणि कोणत्याही गटासाठी ना-हरकत द्यायची तर ती ग्रामसभेपुढेच येईल. अनुसूचित क्षेत्राबाहेर खाजगी जमिनीचा व्यवहार ग्रामसभेला कायद्याने अडवता येत नाही, हे लोकांना आधीच सांगा, खोटी आशा लावू नका. पण तारीख, सह्या आणि नकाशा असलेला ठराव प्रकल्पाच्या आधीचा असला की पुढे तहसीलदार, जिल्हाधिकारी, प्रसंगी न्यायालय, सगळीकडे त्याला वजन येतं. प्रत रजिस्टर पोस्टाने जिल्हाधिकारी आणि महाऊर्जा यांना पाठवा, पोच जपून ठेवा. कंपनीने कोणते गट दाखवले आहेत, कोणते परवाने घेतले आहेत, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

गायरानाबद्दल कोणी सरपंचांच्या सहीचा कागद दाखवला तर त्यावर विसंबू नका. गायरान सरकारच्या मालकीचं असतं, ते परस्पर द्यायचा अधिकार पंचायतीला नाही. वनजमीन असेल तर गोष्ट आणखी निराळी. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पवनचक्क्यांसाठी वनजमीन गेली तेव्हा तिथे कसणाऱ्या आदिवासींना मोठा लढा द्यावा लागला. २००६च्या वनहक्क कायद्याखालचे दावे प्रलंबित असतील तर ते निकाली निघाल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय जमीन वळवू नये, हा आग्रह लेखी धरा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकायची किंवा भाड्याने द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आधी सरकारी मंजुरी लागते. वर्ग दोनच्या आणि इनामी जमिनींनाही परवानगी लागते.

सही करण्याआधी

मागच्या वर्षी माझ्या मामेभावाने मला एका करारनाम्याची झेरॉक्स वाचायला बोलावलं. चौतीस पानं, सगळी इंग्रजीत. घरात बैलपोळ्याची गडबड होती, आणि एजंटाचा फोन दर अर्ध्या तासाने येत होता की उद्याच सही हवी, नाहीतर मनोरा शेजारच्या गावात जाईल. भाड्याचा आकडा चांगला होता. एकविसाव्या पानावर एक वाक्य होतं: जमीनमालक या मिळकतीवर आणि लगतच्या आपल्या मालकीच्या जमिनीवर वाऱ्याला अडथळा होईल असं बांधकाम, खोदकाम किंवा लागवड कंपनीच्या परवानगीशिवाय करणार नाही. भाड्याने जायची होती अडीच एकर. लगतची उरलेली जमीन सहा एकर. त्या सहा एकरांत त्याला दोन वर्षांनी केशर आंबा लावायचा होता आणि विहीर घ्यायची होती. त्या एका वाक्याने दोन्ही कंपनीच्या मर्जीवर गेलं असतं. आम्ही ते वाक्य लाल पेनने अधोरेखित करून परत पाठवलं. तीन आठवडे कोणी फिरकलं नाही. मग एजंट आला, सुधारलेलं पान घेऊन. मनोरा शेजारच्या गावात गेला नव्हता.

तेव्हा पहिली गोष्ट, घाई करणाऱ्याला थांबवा. वर्षभर वारा मोजणाऱ्या कंपनीला महिनाभर थांबणं जड जात नाही. मसुदा मराठीत मागा, आणि मराठी व इंग्रजीत फरक निघाला तर मराठी ग्राह्य धरली जाईल असं त्यातच लिहून घ्या. तालुक्याच्या वकिलाला वाचायला द्या, पण तोच वकील कंपनीचंही काम बघतो का ते आधी विचारा.

विकायची की भाड्याने द्यायची? माझं मत स्पष्ट आहे: शक्यतो विकू नका. साताऱ्याच्या पठारावर १९९०च्या दशकाच्या अखेरीला पवनचक्क्या आल्या, वनकुसवडे-चाळकेवाडीची नावं देशभर गेली, आणि ज्यांनी तेव्हा खडकाळ म्हणून जमीन देऊन टाकली त्यांच्या नातवंडांच्या हाती आज नुसती ती गोष्ट उरली आहे. भाडेपट्टा केला तर तो नोंदणीकृतच हवा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, नुसत्या स्टँपवरचं संमतीपत्र म्हणजे भाडेपट्टा नव्हे. बहुतेक करार २९ वर्षांचे दिसतात. त्यामागे मुद्रांक शुल्क आहे. दहा ते एकोणतीस वर्षांच्या भाडेपट्ट्याला मिळकतीच्या बाजारभावाच्या ५० टक्के रक्कम धरून शुल्क बसतं, त्यापुढे गेलं की ९० टक्के धरून. म्हणजे २९ हा आकडा कंपनीच्या सोयीचा आहे, तो ब्रह्मवाक्य नाही. कमी मुदत मागता येते.

भाडं एकदाच ठरवून गप्प बसू नका. वर्षाला एक लाख रुपये ऐकायला बरे वाटतात. दरवर्षी सहा टक्क्यांनी महागाई वाढली तर २९ वर्षांनी त्या लाखात आजच्या साडेअठरा हजारांएवढाच माल येईल. म्हणून दरवर्षी किंवा दर तीन वर्षांनी किती टक्के वाढ, ते आकड्यात लिहा, ‘परस्पर संमतीने’ असं लिहू नका. हे उत्पन्न शेतीचं धरलं जात नाही, त्यावर आयकर लागू होतो, तोही हिशेबात घ्या.

कुलमुखत्यारपत्रावर सही करताना हात आखडता घ्या. त्यातले अधिकार एकेक करून वाचा. मोजणी आणि परवान्यांचे अर्ज एवढ्यापुरतं ठीक, विक्री, गहाण आणि पोटभाडेकरू ठेवण्याचे अधिकार त्यात नकोत. कंपनी आपला भाडेहक्क बँकेकडे तारण ठेवणार, ते समजण्यासारखं आहे, पण बोजा त्या हक्कावर असावा, तुमच्या मालकीवर नव्हे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत काय नोंद होणार ते शब्दाला शब्द ठरवा आणि फेरफार झाल्यावर उतारा काढून पडताळा. बहिणींचा हिस्सा असेल तर त्यांना आधी बोलवा, शेवटी सहीपुरतं नको. हिस्सेदारांत वाटप झालेलं नसेल तर सरकारी मोजणी करून घ्या, नाहीतर भाडं कंपनीकडे आणि भांडण घरात अशी गत होते.

आणखी तीन गोष्टी करारात हव्यातच. प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला तर सगळी बंधनं नव्या मालकावर चालू राहतील, कारण आज सही करणारी कंपनी पुष्कळदा त्या प्रकल्पापुरतीच काढलेली असते. वाद झाला तर तो तुमच्या जिल्ह्यातल्या न्यायालयात चालेल, मुंबई-दिल्लीच्या लवादापुढे नाही. आणि मुदत संपल्यावर यंत्र, तारा आणि जमिनीखालचं काँक्रीट निदान नांगराच्या खोलीच्या बऱ्याच खालपर्यंत काढून माती पूर्ववत केली जाईल, त्यासाठी कंपनी बँक गॅरंटी ठेवेल. गॅरंटीचा आग्रह धरताना संकोच करू नका. कंपनी बुडाली तर तो शेकडो टनांचा सांगाडा तुमच्या वावरात राहणार आहे.

तारा, रस्ते आणि पैसा

ज्याच्या शेतात पवनचक्की त्याला भाडं मिळतं. ज्याच्या शेतातून तारा जातात त्याला पुष्कळदा कागदही मिळत नाही. तारांसाठी खांब रोवायला माणसं आली की एकच प्रश्न विचारा: विद्युत कायदा २००३च्या कलम १६४ खालचा सरकारी आदेश तुमच्याकडे आहे का? असेल तर त्यांना १८८५च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार मिळालेले असतात. काम थांबवणं अवघड असतं, पण नुकसानभरपाई द्यावीच लागते आणि ती कमी वाटली तर जिल्हा न्यायालयात जाता येतं. आदेश नसेल तर जमीनमालकाची संमती किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मोठ्या दाबाच्या पारेषण वाहिन्यांसाठी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये सुचवलेला मोबदला मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के असा आहे. राज्याचा चालू शासन निर्णय प्रांत कार्यालयातून मागून घ्या.

साठ मीटरचं पातं एका तुकड्यात येतं. ते वाहणारा ट्रेलर गावच्या वळणावर वळायचा तर वळण रुंद होतं, बांध फुटतो, चिंचेचं झाड जातं, ओढ्यावरची मोरी खचते. म्हणून काम सुरू होण्याआधी रस्त्याचे, मोऱ्यांचे, बंधाऱ्यांचे तारखेसह फोटो काढून पंचनामा करून ठेवा आणि दुरुस्तीची मुदत करारात घाला. उतारावर रस्ता कापला की पावसाचं पाणी वाट बदलतं. कोणाच्या ताली फुटणार ते पहिल्या पावसाआधी बघून या.

गावासाठी म्हणून जो पैसा येईल तो ग्रामपंचायतीच्या खात्यातच यावा आणि त्याचा जमाखर्च ग्रामसभेत वाचला जावा. कोणा पुढाऱ्याच्या हाती रोख नको, मंडळाच्या वर्गणीच्या नावाने नको, जेसीबीच्या ठेक्याच्या रूपाने नको. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी ते प्रकरण जोडलेलं असल्याचं तपासात पुढे आलं. ज्या व्यवहारात पैसा मोठा आणि कागद लपवलेले, तिथे दंडेली करणारे शिरतातच. उघड ग्रामसभा, भिंतीवर लावलेला जमाखर्च आणि सगळ्यांना माहीत असलेला दर यांमुळे गावातल्या साध्या माणसाच्या जिवालाही थोडं संरक्षण मिळतं. कोणी धमकावलं तर एकट्याने तडजोड करू नका, लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा.

शेवटी ज्यांच्या माळावर पवनचक्की आधीच आहे त्यांच्यासाठी. पहिल्या पिढीची छोटी यंत्रं आता पंचविशीला आली आहेत आणि ती काढून त्या जागी मोठी बसवण्याचं केंद्राचं सुधारित धोरण डिसेंबर २०२३ मध्ये आलं आहे. मोठं यंत्र म्हणजे नवी उंची, नवी सावली, नवं अंतर. जुन्या करारात जुन्या यंत्राला दिलेली संमती नव्याला आपोआप लागू होते असं कोणी सांगितलं तर करारातला तो मजकूर दाखवायला सांगा. दस्त हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात इंडेक्स टू शोधून प्रमाणित प्रत मिळते. मुदत कधी संपते ते तिच्यात बघा, त्या तारखेच्या दोन वर्षं आधी ग्रामसभेत विषय लावा, आणि त्या सभेआधी ५०० मीटरची वर्तुळं पुन्हा एकदा काढा. पंचवीस वर्षांत वस्त्या वाढल्या आहेत.